फुटबॉलमध्ये सगळेच चीटिंग करतात का? एका शिट्टीवाल्याचं उत्तर

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगा चौदा वर्षांचा, अकॅडमीत विंगला खेळतो, आणि कोच त्याला सांगतो की बॉक्समध्ये (गोलसमोरचा चौकोन, जिथल्या फाऊलला पेनल्टी मिळते) पाय लागला की पडायचं, उभं राहायचं नाही. तर हे चीटिंग शिकवणं नाही का, प्रोफेशनलमध्ये खरंच सगळे हेच करतात का, उरुग्वेच्या सुआरेझने घानाविरुद्ध हाताने बॉल अडवला तो हीरो की चोर, आणि व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी सोय) येऊनसुद्धा हे का थांबत नाही, असे चार प्रश्न एकात आहेत.

मी बरीच वर्षं रेफरी म्हणून शिट्टी वाजवली, आता नवीन पोरांच्या मॅचेस बघून त्यांना मार्क देतो आणि मॅच संपली की बाजूला घेऊन बोलतो. त्यामुळे उत्तर मैदानाच्या मधोमध उभं राहून देतोय, टीव्हीसमोरून नाही. आणि आधीच सांगतो, प्रेक्षकाला ज्याचा राग येतो आणि रेफरीला ज्याचा राग येतो त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, कधी कधी तर बरोब्बर उलट्या.

सुआरेझपासूनच सुरू करू. 2 जुलै 2010, जोहान्सबर्ग, वर्ल्डकपची क्वार्टरफायनल, उरुग्वे-घाना 1-1, एक्स्ट्रा टाइम संपायला आलेला, घानाच्या अदियाहचा हेडर गोलमध्ये चाललाय आणि गोललाइनवर उभ्या सुआरेझने दोन्ही हातांनी तो बाहेर ढकलला. पोर्तुगालच्या रेफरीने बरोब्बर बघितलं, रेड कार्ड, पेनल्टी. ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागून वर गेली, मग शूटआउटमध्ये उरुग्वे 4-2 ने जिंकलं आणि सुआरेझ टनेलच्या तोंडाशी नाचत होता. नाचणं बघून लोकांचं डोकं फिरलं ते मला समजतं, माझंही फिरलं. पण त्याने लपवलं काय? काहीच नाही. अख्ख्या स्टेडियमसमोर हात वापरला, नियमात जी शिक्षा लिहिली होती ती पूर्ण घेतली, सेमीफायनलला बाहेर बसला आणि उरुग्वे हॉलंडकडून 3-2 ने हरलं. रेफरी म्हणून ती माझ्यासाठी सोप्यातली सोपी केस आहे. शिक्षा कमी वाटत असेल तर नियम बदला, म्हणा की असा बॉल अडवला तर थेट गोल द्यायचा, रग्बीत पेनल्टी ट्राय देतातच की. नियम तसाच ठेवायचा आणि शिव्या मात्र माणसाला घालायच्या, हे मला पटत नाही.

तसंच किएलिनीचं. युरोची फायनल, इटली-इंग्लंड, जुलै 2021, वेम्बली, इंज्युरी टाइममध्ये इंग्लंडचा साका सुटला आणि इटलीच्या किएलिनीने मागून त्याची कॉलर धरून त्याला खाली आणलं. तो फोटो बघून हसू येतं, पण हिशोब बघा. साका सुटला असता तर इंग्लंडची अटॅक, कदाचित गोल, कदाचित युरो. पकडला तर एक यलो कार्ड. छत्तीस वर्षांच्या डिफेंडरला हे गणित अर्ध्या सेकंदात जमतं, कारण आयुष्यभर त्याने तेवढंच केलंय.

आणि माझं सगळं म्हणणं या गणितात आहे. प्रोफेशनल खेळाडू चांगला माणूस की वाईट माणूस हा मुद्दाच नाही, तो शिट्टीचा भाव बघून वागतो. कुठल्या गोष्टीला किती किंमत पडते ते त्याला पक्कं माहीत असतं. पुण्यात लक्ष्मी रोडला नो पार्किंगमध्ये गाडी लावणारा माणूस काय करतो, टोइंगवाला येण्याची शक्यता किती आणि दंड किती हे बघतो आणि लावतो. फुटबॉलरही तेच करतो, फक्त नव्वद मिनिटांत पन्नास वेळा. आणि तो भाव ठरवतं कोण? अर्धा नियमाचं पुस्तक, अर्धा आम्ही रेफरी. म्हणून शेवटी यातला बराचसा दोष आमच्याकडे येतो, ते पुढे सांगतो.

आता ज्याचा मला खरंच राग येतो ती गोष्ट, म्हणजे रेफरीला फसवणं. 22 जून 1986, अझ्टेका स्टेडियम, वर्ल्डकपची अर्जेंटिना-इंग्लंड मॅच, मॅराडोना. त्याचा दुसरा गोल कितीही महान असो (आणि तो आहेच, वाद नाही), चार मिनिटं आधीचा पहिला गोल हाताने मारला होता आणि मारल्यावर तो पळत पळत सेलिब्रेट करत गेला, कारण थांबला असता तर संशय आला असता. ट्युनिशियाचा रेफरी अली बेनासूरने लाइन्समनकडे बघितलं, बल्गेरियाच्या डोचेव्हने काही खूण केली नाही, गोल. पुढे त्या दोघांनी एकमेकांवर ढकललं ते वेगळंच. गंमत अशी की त्या मॅचचा बॉल बेनासूरकडेच राहिला होता आणि 2022 मध्ये तो लिलावात सुमारे 20 लाख पाउंडला गेला. ज्या चुकीसाठी जगाने त्याला नावं ठेवली त्या चुकीनेच त्याचं म्हातारपण सुखाचं केलं, हा माझा आवडता किस्सा आहे, नवीन रेफरींना हमखास सांगतो.

इथे फरक काय तो नीट बघा. सुआरेझने नियम मोडला आणि बिल भरलं. मॅराडोनाने नियम मोडला आणि माझ्या पोशाखातल्या माणसाच्या डोळ्यात धूळ फेकून बिल इंग्लंडच्या टेबलावर ठेवलं. 2009 मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सच्या आंरीने आयर्लंडविरुद्ध हाताने बॉल सावरून गॅलासला दिला आणि फ्रान्स वर्ल्डकपला गेलं, तेही तसंच. मॅचनंतर आंरी म्हणाला की हो, हाताला लागला, पण मी काही रेफरी नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण त्या एका वाक्यानंतर त्या मॅचचा रेफरी, स्वीडनच्या मार्टिन हॅन्सनचं जे झालं ते फार वाईट होतं, त्याच्या जागी उभं राहिलेल्यालाच ते कळेल, कारण त्याचा व्ह्यू पूर्ण ब्लॉक होता. पुढे 2015 मध्ये बाहेर आलं की कोर्टकचेरी टाळायला फिफाने आयर्लंडच्या असोसिएशनला 50 लाख युरो दिले होते. म्हणजे बिल शेवटी आलंच, पण तिसऱ्याच टेबलावर.

ब्राझीलचा रिवाल्डो आठवतोय का, 2002 चा वर्ल्डकप, ब्राझील-तुर्की? कॉर्नर फ्लॅगजवळ उभा, हकान उन्सालने बॉल त्याच्याकडे लाथाडला, लागला मांडीला आणि हा तोंड धरून खाली. उन्सालला दुसरं यलो आणि बाहेर. फिफाने नंतर व्हिडिओ बघून रिवाल्डोला साडेअकरा हजार स्विस फ्रँक दंड केला. एकाही मॅचचा बॅन नाही. वर्ल्डकप जिंकायला आलेल्या माणसाला साडेअकरा हजार फ्रँक म्हणजे काय हो, हॉटेलचं बिल. भाव चुकला की काय होतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

याउलट चिलीच्या गोलकीपरचं बघा. रॉबेर्तो रोहास, सप्टेंबर 1989, माराकाना, ब्राझीलविरुद्ध क्वालिफायर, चिली 1-0 ने मागे. प्रेक्षकांतून एक फ्लेअर मैदानात पडला आणि रोहास रक्तबंबाळ होऊन आडवा, टीम त्याला उचलून मैदानाबाहेर गेली ती परत आलीच नाही. मग फोटोत दिसलं की फ्लेअर त्याला लागलाच नव्हता, ग्लोव्हमध्ये ब्लेड लपवून आणलं होतं, स्वतःच कपाळ कापलं. त्याला आजन्म बंदी (2001 मध्ये माफ केली), आणि चिलीला 1994 च्या वर्ल्डकपच्या क्वालिफायरमधूनच बाहेर काढलं. त्यानंतर ब्लेड घेऊन कोणी आल्याचं ऐकलं नाही.

डाइव्ह, म्हणजे पाडल्याचं नाटक करून पडणं, ओळखायची कशी हे सगळे विचारतात, तर मी पोरांना शिकवतो ते थोडक्यात. चेहऱ्याकडे बघायचं नाही, किंकाळी ऐकायची नाही, पायाकडे बघायचं, आणि तेही टच होण्याच्या आधी. ज्याला खरंच पाडलंय त्याचे हात खाली जातात, पडताना माणूस नकळत हात टेकवतो. डाइव्ह मारणाऱ्याचे दोन्ही हात वर जातात, छाती पुढे, पाठ कमानीसारखी, आणि पाय एकत्र मागे ओढले जातात. खऱ्या ट्रिपमध्ये एक पाय अडकतो आणि दुसरा पुढे पडायचा प्रयत्न करतो. आणखी एक, बॉल. ज्याला अजून गोल मारायचाय त्याचा पुढचा टच जवळ असतो, ज्याने पडायचं आधीच ठरवलंय तो बॉल लांब ढकलतो कारण त्याला तो नकोच आहे, त्याला डिफेंडरचा पाय पाहिजे. आणि पडता पडता मान आमच्याकडे वळते. जमिनीला लागायच्या आधी जो रेफरीला शोधतो त्याला वेदना कुठून होणार? पण हे सगळं दिसायला तुम्ही पंधरा-वीस मीटरवर आणि बाजूच्या कोनात पाहिजे, मागून सरळ रेषेत असाल तर दोन पायांच्या मधली फट दिसतच नाही, कॉन्टॅक्ट झाला की नाही हे देवालाच माहीत. म्हणून चांगला रेफरी म्हणजे आधी चांगला पळणारा.

तर व्हीएआर आल्यावर हे थांबायला पाहिजे होतं, नाही का? थोडं थांबलंही. 2018 च्या वर्ल्डकपला कोस्टारिकाविरुद्ध नेमार मागे कोसळला, रेफरी क्यूपर्सने पेनल्टी दिली, स्क्रीनवर बघितलं आणि रद्द केली. हवेत पाय न लागता पडणं आता मूर्खपणा झालाय. पण खेळाडू काय शिकले? पाय लागू द्यायचा. व्हीएआर फक्त स्पष्ट चूक असेल तर हात घालतं, आणि कॉन्टॅक्ट दिसला, मग तो कितीही किरकोळ असो, की स्पष्ट चूक म्हणता येत नाही. म्हणून आता विंगर स्वतःचा पाय डिफेंडरच्या पायाच्या वाटेत नेऊन ठेवतो, कॉन्टॅक्ट तोच तयार करतो, आणि स्लो मोशनमध्ये तो टच दहापट मोठा दिसतो. बॉक्सच्या बाहेर पंचवीस यार्डावर पडून फ्रीकिक घेतली तर व्हीएआर ते बघतही नाही, कारण ते त्याच्या यादीतच नाही, गोल, पेनल्टी, थेट रेड आणि चुकीच्या माणसाला कार्ड, या कामांसाठीच ते आणलं.

आणि आता आमचा दोष. फाऊलच्या नियम 12 मध्ये कुठेच लिहिलेलं नाही की फाऊल मिळायला पडावं लागतं. ट्रिप करायचा प्रयत्न केला तरी फाऊल आहे. पण प्रत्यक्षात काय होतं, फॉरवर्डला ढोपरावर लाथ बसते, तो अडखळतो, पडत नाही, दोन पावलं जाऊन कसाबसा शॉट मारतो, शॉट कीपरच्या हातात, आणि रेफरी खेळ चालू ठेवतो. ॲडव्हांटेज (फाऊल बघूनही हल्ला चालू ठेवू देणं) दिला होता तर काही सेकंदांत परत आणता येतं, पण बॉक्समध्ये ते करायची छाती किती जणांना आहे? उभा राहिला ना, मग लागलं नसेल, असं आम्ही मनातल्या मनात म्हणतो. पुढच्या वेळी तो फॉरवर्ड पडतो. त्याला पडायला कोचने शिकवलं हे अर्धंच खरं आहे, बाकीचं अर्धं शिट्टीने शिकवलं. मी असेसमेंटला बसतो तेव्हा हेच आधी बघतो, उभ्या राहिलेल्याला पेनल्टी दिली का. जो देतो त्याच्या पुढच्या मॅचमध्ये डाइव्ह कमी होतात, हे मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून मुंबईच्या कुपरेजपर्यंत बघितलंय. खेळाडू हुशार असतात, रेफरी कोण आहे हे टॉसच्या आधी त्यांना माहीत असतं.

शिक्षा फार जड असली तरी घोळ होतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. गोलकीपरने बॉल हातात सहा सेकंदांपेक्षा जास्त धरला तर इनडायरेक्ट फ्रीकिक (जिच्यावर थेट गोल मारता येत नाही), असा नियम वर्षानुवर्षं होता. कोणी द्यायचं का? जवळजवळ नाहीच. गोलपासून आठ-दहा यार्डावर फ्रीकिक, अख्खी टीम गोललाइनवर उभी, स्टेडियम पेटलेलं, एवढं सगळं दोन सेकंदांसाठी कोण ओढवून घेणार, म्हणून कीपर पंधरा-वीस सेकंद बॉल छातीशी धरून झोपायचे आणि आम्ही हाताने ‘चल चल’ करायचो. 2025-26 पासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नर, रेफरी हात वर करून शेवटचे पाच सेकंद मोजून दाखवतो. शिक्षा हलकी झाली म्हणून ती खरंच देता येते. 2016 मध्येही असंच केलं, बॉक्समध्ये बॉल खेळायच्या प्रामाणिक प्रयत्नात गोलची संधी हुकवली तर पेनल्टी आहेच, वर रेड नको, यलो पुरे.

टाइम वेस्टिंगमध्ये सध्याचा सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे कीपरची दुखापत. बाकी खेळाडूवर उपचार झाले तर त्याला बाहेर जावं लागतं, कीपरला जावं लागत नाही. मग विरोधी टीमने दहा मिनिटं दाबून धरलं की कीपर मांडी धरून खाली बसतो, फिजिओ आत, आणि बाकीचे दहा जण टचलाइनवर कोचभोवती गोळा, पाणी पितायत, बोर्डवर बाण काढतायत. फुकटचा टाइम-आउट. आम्हाला दिसतं सगळं, पण कीपरला दुखत नाही हे मी सिद्ध कसं करणार? वेळ वाढवून देता येतो, पण गेलेला जोर वाढवून देता येत नाही.

आता दोन भारतातल्या केसेस, कारण लोक नेमके यात गोंधळतात. मार्च 2023, आयएसएल (इंडियन सुपर लीग) प्लेऑफ, बंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, कंठीरवा. एक्स्ट्रा टाइममध्ये फ्रीकिक, ब्लास्टर्सची भिंत अजून लागायची होती, कीपर पुढे आलेला, आणि बंगळुरूच्या छेत्रीने पटकन चिप करून बॉल जाळ्यात टाकला. ब्लास्टर्सचा कोच वुकोमानोविचने टीमच मैदानाबाहेर नेली. नंतर क्लबला चार कोटींचा दंड आणि कोचला दहा मॅचेसची बंदी. सोशल मीडियावर छेत्रीला चीटर म्हणणारे हजारो होते. भाऊ, फ्रीकिक ज्याची त्याला ती पटकन घ्यायचा हक्क आहे. भिंत उभी करायचा हक्क डिफेंडिंग टीमला नसतोच, दहा यार्ड मागे जायचं बंधन मात्र असतं. थांबा, शिट्टीवर घ्या, असं रेफरीने सांगितलं असेल तरच थांबायचं. तुम्ही पाठ फिरवून रेफरीशी गप्पा मारत असाल तर ती तुमची अडचण.

आणि 11 जून 2024, दोहा. भारत-कतार, छांगतेच्या गोलवर आपण 1-0 पुढे, जिंकलो तर क्वालिफायरच्या पुढच्या फेरीत. त्र्याहत्तराव्या मिनिटाला आपला कीपर गुरप्रीतने हेडर अडवला, बॉल गोलपोस्टच्या बाजूने लाइन ओलांडून बाहेर गेला, आपले सगळे थांबले, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने गोल मारला. कोरियन रेफरीने गोल दिला. व्हीएआर नव्हतं. 1-1, मग 1-2, आपण बाहेर. हे मात्र सरळसरळ नियमाविरुद्ध होतं, बॉल पूर्णपणे लाइनच्या बाहेर होता. पण मला विचाराल तर कतारच्या त्या पोराला मी चीटरांच्या यादीत शेवटून बसवीन. शिट्टी होईपर्यंत खेळ, हे प्रत्येकाला लहानपणी शिकवतात, आपल्याच पोरांनी ते पाळलं नाही. चूक होती ती आमच्या बिरादरीची, रेफरी आणि असिस्टंट दोघांचीही. बंगळुरूत आरडाओरडा झाला तो कायदेशीर गोलवर आणि दोह्यात बेकायदा गोल झाला तो दहा सेकंदांत पचला, काय बोलणार.

मग कबूल करणारे नसतातच का? असतात. 1997 मध्ये हायबरीला लिव्हरपूलचा फाउलर आर्सेनलचा कीपर सीमनला चुकवताना पडला, रेफरीने पेनल्टी दिली, आणि फाउलर उठून हात हलवत सांगतोय की नाही, त्याने मला पाडलं नाही. रेफरीने ऐकलं नाही! पेनल्टी फाउलरनेच घेतली, सीमनने अडवली, रिबाउंडवर मॅकअटीरने गोल केला. लाझिओच्या क्लोझेने 2012 मध्ये नापोलीविरुद्ध हाताने झालेला गोल स्वतः सांगून रद्द करून घेतला. अशी माणसं बघून बरं वाटतं, पण त्यांच्यावर खेळ चालत नाही.

आणि माणसांचे असे दोन डबे करता येत नाहीत हे बघायचं असेल तर 28 एप्रिल 2019 ची इंग्लंडमधली लीड्स-ॲस्टन व्हिला मॅच बघा, तीसुद्धा पूर्ण. व्हिलाचा कोजिया दुखापतीने खाली, सगळ्यांना वाटलं बॉल बाहेर मारणार, लीड्सने खेळत राहून क्लिखने गोल केला. धक्काबुक्की. त्यात लीड्सचा बॅमफर्ड चेहरा धरून कोसळला आणि व्हिलाच्या एल गाझीला रेड. मग लीड्सचा कोच बिएल्साने आपल्याच टीमला ओरडून सांगितलं की त्यांना गोल करू द्या, आणि व्हिलाचा ॲडोमा चालत जाऊन गोल करून आला, फक्त लीड्सच्या यानसनने त्याला अडवायचा प्रयत्न केला, त्याला ते मान्यच नव्हतं. 1-1. फिफाचा त्या वर्षीचा फेअर प्ले अवॉर्ड बिएल्सा आणि लीड्सच्या टीमला मिळाला. आणि त्याच मॅचमधल्या त्या पडण्यासाठी बॅमफर्डला रेफरीला फसवलं म्हणून दोन मॅचेसचा बॅन, एल गाझीचं रेड रद्द. एकच टीम, एकच पाच मिनिटं.

तसं, जखमी खेळाडूसाठी बॉल बाहेर मारणं हा नियम नाही, रिवाज आहे. थांबवायचं ते रेफरीने, तेही दुखापत गंभीर वाटली तर. 2012 मध्ये शाख्तारच्या लुइझ अद्रियानोने नॉर्शेलंडला परत देण्यासाठी मारलेला बॉल धरून गोल ठोकला, रेफरीला तो द्यावाच लागला, नंतर यूएफाने त्याला एका मॅचची बंदी घातली. अशा भानगडींमुळेच 2019 मध्ये ड्रॉप बॉलचा (थांबवलेला खेळ रेफरीने बॉल टाकून परत सुरू करण्याचा) नियम बदलला, ज्यांचा शेवटचा टच त्यांनाच बॉल. रिवाज मोडायला लागला की पुस्तकात आणावा लागतो.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात निदान दोन्ही टीम जिंकायला खेळतायत. खरी घाण सुरू होते ती एक टीम किंवा रेफरीच जिंकायचं-हरायचं आधी ठरवून येतो तिथे. 1982, खिहोन, पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल, 1-0 ला दोघेही पुढच्या फेरीत जात होते आणि आदल्या दिवशी खेळून बसलेलं अल्जीरिया बाहेर. मग उरलेली ऐंशी मिनिटं मैदानात फेरफटका. कुठलाच नियम मोडला नाही, फेरफटका मारण्यासाठी कार्ड देता येत नाही. तेव्हापासून ग्रुपच्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी ठेवतात. तरी 2018 मध्ये जपान पोलंडविरुद्ध 0-1 ने हरत असताना शेवटची दहा मिनिटं मागे-मागे पास करत बसलं, कारण कमी यलो कार्डांवर सेनेगलच्या वर जात होतं. फेअर प्लेच्या पॉइंटवर पुढे गेले, न खेळून.

आमच्या गोव्यातही झालंय. 2004, सेकंड डिव्हिजनचा शेवटचा दिवस, प्रमोशन गोल फरकावर, दोन टीम शर्यतीत. एका मैदानावर कुडतरी जिमखाना 61-1, दुसऱ्यावर विल्रेड लेजर 55-1. नव्वद मिनिटांत एकसष्ट गोल म्हणजे दीड मिनिटाला एक, बॉल सेंटरला आणून ठेवायलाही तेवढा वेळ लागतो! असोसिएशनने चारही क्लबांवर वर्षाची बंदी घातली. हसायला येतं, पण मला नेहमी वाटतं की त्या मॅचच्या रेफरीने रिपोर्टमध्ये काय लिहिलं असेल.

माझ्या बिरादरीचा काळा डाग म्हणजे रॉबर्ट होयझर. जर्मनी, ऑगस्ट 2004, कपची मॅच, पाडरबॉर्न विरुद्ध हॅम्बर्ग, हॅम्बर्ग 2-0 ने पुढे. होयझरने त्यांच्या म्पेन्झाला बाहेर काढलं, दोन संशयास्पद पेनल्टी दिल्या, पाडरबॉर्न 4-2. मागे बेटिंगवाले होते, होयझरला मिळाले 67 हजार युरो आणि एक प्लाझ्मा टीव्ही. टीव्ही! त्याच्याच सोबतच्या रेफरींनी तक्रार केली म्हणून तो सापडला, दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा झाली. डाइव्ह मारणारा माझ्याकडून एक शिट्टी चोरतो, होयझरने सगळ्यांच्याच शिट्ट्यांचा भाव पाडला, त्यानंतर कुठल्याही रेफरीची खरी चूकसुद्धा लोकांना विकलेली वाटायला लागली.

आणि सांगणाऱ्याचं काय होतं तेही माहीत असू द्या. मे 1993, फ्रान्सच्या मार्सेल क्लबला आठवड्याने मिलानशी युरोपियन फायनल खेळायची होती, त्याआधी लीगमध्ये व्हॅलेन्सियनची मॅच, तिथे त्यांना धोका नको होता. मार्सेलच्या लोकांनी व्हॅलेन्सियनच्या तीन खेळाडूंना पैसे देऊ केले. त्यातल्या झाक ग्लासमनने नकार दिला आणि सांगून टाकलं. नंतर पाकीट एका खेळाडूच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेलं सापडलं. मार्सेलचं लीग टायटल गेलं, दुसऱ्या वर्षी सेकंड डिव्हिजनला ढकलले, मालक तापी जेलमध्ये गेला. ग्लासमनला फ्रान्सच्या मैदानांवर लोक हुर्यो करायचे. फिफाचा फेअर प्ले अवॉर्ड 1995 मध्ये मिळाला त्याला, पण तोवर त्याचं करिअर बाजूला पडलं होतं.

आता तुमचा मुलगा. कोचशी भांडू नका, पण नेमकं विचारा, पाय लागला की पड म्हणजे काय. पूर्ण स्पीडमध्ये घोट्यावर लाथ बसली आणि उभं राहायचा हट्ट केला तर गुडघा पिळवटतो, तिथे सोडून देऊन खांद्यावर लोळणं हे शहाणपण आहे, ते शिकवावंच. पण डिफेंडरचा पाय शोधत जायचं असं शिकवत असतील तर त्यात आधी त्याचं खेळाचं नुकसान आहे. चौदाव्या वर्षी बॉक्समध्ये पडणारा पोरगा बॉक्समध्ये शॉट मारायला शिकत नाही, कारण ती वेळच येत नाही. शिवाय जिल्ह्याच्या लीगमध्ये रेफरी तेच ते दहा-बारा असतात, चहाला एकत्र बसतात, अमुक नंबरचा पडतो हे दोन मॅचेसमध्ये सगळ्यांना कळतं, आणि मग ज्या दिवशी खरंच पाडतील त्या दिवशी शिट्टी वाजणार नाही.

त्याला एक करायला सांगा. लाथ बसली आणि उभा राहू शकला तर खेळत राहायचं, आणि बॉल बाहेर गेला की कॅप्टनला जाऊन सांगायचं, कॅप्टनने रेफरीजवळ शांतपणे बोलायचं, अकरा नंबरला दोनदा लागलंय, बघा जरा. हात फेकत स्वतः धावत यायचं नाही, आता वरच्या लेव्हललासुद्धा फक्त कॅप्टननेच बोलायचं असा आग्रह आहे. असं सांगितलं ना, की पुढची पंधरा मिनिटं आमची नजर त्या डिफेंडरच्या पायांवर असते, आणि तिसऱ्या वेळी कार्ड निघतं.